गुलाबी पापडी

लुब्लिन,
९ डिसेंबर

प्रिय यागोदा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, हेच माझ्यासाठी पुष्कळ झालं. अकरा वर्षांत दर नाताळला मी तुला एकेक कार्ड पाठवलं. आत छापील शुभेच्छा आणि खाली माझी सही. तुझीही तशीच यायची. बघणाऱ्याला वाटावं, दोन सरकारी खाती एकमेकांना पोच देतायत! हे मात्र हाताने लिहितेय आणि लांबणार आहे, तेव्हा आधी चहा ठेव आणि पायात मोजे घाल. माझ्या वरच्या खोलीत राहायचीस तेव्हा ऐन डिसेंबरातही तू अनवाणी जिना उतरायचीस आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अगं ए, पशुवैद्य ना तू? माणसालाही सर्दी होते, हे नाही वाटतं शिकवलं!" ग्दिनियाला समुद्राचा वारा कसा असतो ते मला ठाऊक नाही, पण पाय तुझे तेच असणार.

आधी साध्या बातम्या. एकतीस तारखेला मी निवृत्त होतेय. आपल्या संस्थेत प्राण्यांची उस्तवार करण्यात चौतीस वर्षं गेली. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. माझा भाऊ झेनोन गावी मजेत आहे, अजून स्वतः गवत कापतो आणि अजून मिशी राखून आहे. त्या मिशीबद्दल पुढे येईलच. वरची खोली मी पुन्हा कुणाला दिली नाही. दोन मुली बघून गेल्या, त्यातल्या एकीला खिडकी लहान वाटली आणि दुसरीला बहुतेक मी पसंत पडले नाही. तुझा निळा कप अजून फळीवर आहे. त्याचा कान तुटलाय, माझ्याच हातून.

आता खरी बातमी. सात नंबरच्या खोलीतले पिंजरे गेले, यागोदा. सगळेच्या सगळे. मागच्या मंगळवारी चार माणसांनी ते उचलून बाहेर नेले, तेव्हा भिंतीवर त्यांच्या मापाचे फिके चौकोन उरले होते. खाली आता तुझे मोकळे कप्पे आहेत, तू कागदावर काढले होतेस तसेच. तू त्यांना कप्पे म्हणायचीस, मी अंगण म्हणायचे. आत भरपूर पेंढा, कोपऱ्यात वाळलेलं गवत, लपायला खोकी, आणि वर चढून बसायला आणि खाली दडायला ती लाकडी फळी. एकेका अंगणात तिघी-चौघी सशिणी, एकाच आईच्या. पहिले दोन दिवस काय झालं माहितेय? एवढी जागा असून प्रत्येकीने जुन्या पिंजऱ्याएवढाच तुकडा धरला आणि तेवढ्यातच बसून राहिली. पुढे जाता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकीने उडी मारली, हवेतच अंग वळवलं, खाली आली, आणि आपण काय केलं म्हणून स्वतःच दचकली. मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. तू इथे असायला हवी होतीस असं वाटलं. आणि तू इथे का नाहीस, ते अकरा वर्षं फक्त मला ठाऊक होतं.

हे वाचून झाल्यावर तू मला मावशी म्हणशील की नाही, सांगता येत नाही. म्हणून जरा रेंगाळतेय. मला ओळखतेसच तू. दंतवैद्याकडे जायचं असलं की मी आधी खिडक्या पुसते.

तू आलीस तो दिवस आठवतो. सत्तावीस वर्षांची पोर, केस मुलासारखे कापलेले, आणि पहिल्याच सकाळी सात नंबरच्या दारावर टकटक करून थांबलीस. आम्ही सगळे मागे उभे. मीच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आतून ‘या’ म्हणाले का हो?" सगळे खो खो हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, "म्हणत नाहीत, पण दचकतही नाहीत." तेवढंच. महिन्याभरात संस्थेतला झाडूवालासुद्धा टकटक करू लागला. मग तू रेडिओ आणलास, हळू आवाजात दिवसभर चालू, म्हणजे बाहेर बादली पडली तरी आतल्यांचा जीव जायला नको. सशिणीला मानेला धरून उचलणं बंद केलंस. हात खाली घालून, छातीशी धरून, मागचे पाय सांभाळून. मी वीस-बावीस वर्षं मानेला धरूनच उचलत आले होते आणि त्या मला नखं मारतात म्हणून त्यांनाच शिव्या देत होते.

पिंजऱ्यांचं तू जे दाखवलंस ते तर मी रोज बघत होते आणि तरी बघितलं नव्हतं. पाठ ताठ करून बसावं म्हटलं तर कान छताला लागून दुमडायचे. दिवसभर तार चावायच्या, आणि आम्ही म्हणायचो की खोड आहे. तू म्हणालीस, "मावशी, तुम्हाला जन्मभर बाथटबमध्ये ठेवलं तर तुम्ही काय चावाल?" मी म्हणाले, "तुला." पण त्या रात्री मला धड जेवण गेलं नाही.

प्राध्यापक रुद्स्कींना पटवायला तुला आठ महिने लागले. प्रयोग त्यांचा होता, गव्हाचा. बारा सशिणींच्या पोटात जन्मापासून गव्हाचा कण गेलेला नव्हता आणि पुढेही जाता कामा नये, बाकी दहा जणींना मोजून गहू, आणि दर काही आठवड्यांनी सगळ्यांच्या रक्ताची तपासणी. "माझ्या प्रयोगाला धक्का लागला तर बघा," एवढं बोलून शेवटी त्यांनी अंगणांना परवानगी दिली. गव्हाचा पेंढा चालणार नव्हता, म्हणून झेनोनने आपल्या शेतातला ओटाचा पेंढा दिला. तू तिथे जाऊन मूठ-मूठ पेंढा उन्हात पसरून तपासलास. तेव्हाच तो म्हणाला होता ना, "ह्यात गव्हाचा एक दाणा निघाला तर मिशी काढून संस्थेच्या दाराला लावीन."

आणि काय दिवस होते ते! ऑक्टोबर, नोव्हेंबर. चौदा नंबरची ती ठोसर सशीण आठवते? आपण तिला सासूबाई म्हणायचो, कारण कुणीही आत आलं की मागचा पाय आपटून निषेध नोंदवायची. अंगणात आल्यावर पंधरा दिवसांत ती एका कुशीवर धपकन पडून चारी पाय पसरून झोपायला लागली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेली समजून मी किंचाळले होते. तू धावत आलीस आणि मग भिंतीला टेकून हसत बसलीस. प्रयोग संपल्यावर गहू न खाल्लेल्यांपैकी सहा जणींना घरं द्यायची यादी तू केली होतीस. सासूबाईंच्या पुढे माझं नाव होतं. मी नको नको म्हणत होते, पण गॅलरीत जागा करून ठेवली होती.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. जानेवारीत रक्ताचा रिपोर्ट आला. गहू न खाल्लेल्या बारांपैकी नऊ जणींच्या रक्ताने गहू ओळखला होता. तीन वर्षांचं काम मातीत गेलं. मीटिंगमध्ये रुद्स्कींनी टेबलावर हात आपटून विचारलं, "गहू आला कुठून?" आणि उत्तरही स्वतःच दिलं, की पेंढ्यातून, अजून कुठून. तू म्हणालीस पेंढा ओटाचा आहे, मी स्वतः तपासलाय. पण जुना पेंढा दर आठवड्याला जाळला जायचा, दाखवायला हातात काही नव्हतं. "यागोदाबाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ससे पाळायची हौस असेल तर शेत घ्या. प्रयोगशाळा हे लाड करण्याचं ठिकाण नाही." फाइलमध्ये नोंद झाली: पशुवैद्याच्या निष्काळजीपणाने पेंढ्यावाटे भेसळ. अंगणं मोडली, घरांची यादीही रद्द झाली. ज्या बावीस जणी आता कुठल्याच कामाच्या राहिल्या नव्हत्या त्यांना मरणाचं इंजेक्शन दिलं. तू स्वतः दिलंस, दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नाहीस. सासूबाईंना मी धरलं होतं, तू शिकवलंस तसं, मागचे पाय सांभाळून. मार्चमध्ये तू राजीनामा दिलास. स्टेशनवर मला मिठी मारून म्हणालीस, "निदान तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवलात." मी काही बोलले नाही, आठवतं? तुला वाटलं मला रडू येतंय.

दार वाजवावं, जरा थांबावं, मग आत यावं, हे तूच शिकवलंस. म्हणून इतका वेळ बडबडले. आता आत येते. गहू पेंढ्यातून आला नव्हता, यागोदा. मी घातला होता.

नाताळच्या आदल्या दिवशीची माझी पाळी होती. संस्था रिकामी, सगळे आपापल्या घरी बीटाच्या साराला आणि माशाला लागलेले. दुपारचे तीन वाजले असतील, बाहेर बर्फ. मी टकटक करून आत गेले. खाली पेंढा, गवताचा वास, रेडिओवर नाताळची गाणी, आणि त्या सगळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. मला एकदम आमचा गोठा आठवला. तू शहरातली, नाताळच्या ओपवातेकची पातळ पापडी तुमच्याकडे टेबलावर येते ती फक्त पांढरी. गावाकडे चर्चमधून पांढऱ्या पापड्यांबरोबर गुलाबी पापडीही आणतात. पांढरी माणसांनी एकमेकांना माफ करत मोडून खायची, गुलाबी जनावरांची. त्या रात्री जनावरं माणसासारखी बोलतात आणि वर्षभर त्यांना कुणी कसं वागवलं ते देवाला सांगतात, असं आमचे वडील म्हणायचे. म्हणून जेवायला बसण्याआधी ते गाईला, घोड्याला, कुत्र्याला, सगळ्यांना एकेक तुकडा स्वतःच्या हाताने द्यायचे आणि झालं गेलं विसरा म्हणायचे. मी झेनोनसाठी घेतलेलं पाकीट पिशवीत होतं, घरी जाताना त्याच्याकडेच जायचं होतं. काढलं, नखाएवढे तुकडे केले, आणि बावीस जणींना एकेक दिला. सासूबाईंनी दोन खाल्ले. मी प्रत्येकीला म्हणाले, "झालं गेलं विसरा गं."

तू म्हणशील, बाई, गव्हाचं तुम्हाला माहीत नव्हतं का? होतं की! पावाचा तुकडा खिशात घेऊन मी कधी त्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही. पुतणीच्या लग्नातून परत आले तेव्हा केकचे कण नको म्हणून दारात केस झटकले होते. पण पापडी म्हणजे पीठ, हे डोक्यात आलंच नाही. ती काय पोट भरायला खातात? ती म्हणजे नाताळ. घरात कुणी तिला जेवणात धरत नाही. आणि आणखी एक खरं सांगू? त्याआधी वीस-बावीस नाताळ मी त्याच खोलीत पाळी केली होती आणि एकदाही मला पापडी द्यावीशी वाटली नव्हती. तारेच्या पिंजऱ्यातल्या नंबराला कोण पापडी देतं? तू त्यांना खाली उतरवलंस, पेंढ्यावर ठेवलंस, तेव्हा मला ती गोठ्यातली जनावरं दिसली. तू केलंस ते इतकं चांगलं केलंस, की माझ्यातल्या खेडवळ बाईचं भान सुटलं आणि मी त्यावरच पाणी फिरवलं.

कळलं कधी, तेही सांगते. त्या मीटिंगमध्ये नाही. मीटिंगमध्ये मी तुझ्या बाजूने मान डोलवत होते. त्याच संध्याकाळी घरी सुईदोरा शोधताना खणात उरलेलं पाकीट हाताला लागलं. मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं: गव्हाचं पीठ, पाणी, रंग. मी उभी होते ती खुर्चीवर बसले. वर तुझ्या खोलीत तू येरझाऱ्या घालत होतीस, पावलं ऐकू येत होती. जिना चौदा पायऱ्यांचा. मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या म्हटलं, सोमवारी. सोमवारी रुद्स्की जिन्यात ओरडत होते, म्हणून म्हटलं त्यांचा राग निवळू दे. राग निवळेपर्यंत तुझा राजीनामा टाइप झाला होता. नोकरी जाईल म्हणून भ्याले, हसतील म्हणून भ्याले, आणि सगळ्यात जास्त तुझ्या तोंडाकडे बघायला भ्याले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मात्र स्टेशनवर संन्याशाची बॅग धरून उभा होता.

नंतर तीनदा अंगणांचा प्रस्ताव आला. कुणी ना कुणी नवीन माणूस यायचा, बाहेरच्या संस्था बघून आलेला, आणि म्हणायचा की सशांना असं ठेवणं आता कुठेच बरोबर मानत नाहीत. रुद्स्की आता स्वतः प्रयोग करत नाहीत, पण समितीवर आहेतच. प्रत्येक वेळी ते तीच फाइल काढायचे, तेच पान उघडायचे, आणि तुझं नाव वाचायचे. मीही समितीवर बसायचे, देखभाल करणाऱ्यांच्या वतीने. तीनही वेळा मूग गिळून बसले. तुझं नाव वाचलं जायचं तेव्हा मी खिडकीबाहेरच्या चिनाराकडे बघायचे. त्या झाडाची पानं मोजून मला पाठ झाली असतील.

मग या सप्टेंबरात एकीची पाठ मोडली. नळ दुरुस्त करायला बाहेरचा माणूस आला होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने धाडकन दार उघडलं, त्या सगळ्या दचकल्या, आणि एकीने पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात अशी लाथ झाडली की तिचाच कणा गेला. जन्मभर उडी मारलेली नाही, हाडं पापडासारखी. डॉक्टर येईपर्यंत मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर, सदतीस. मी मनात म्हटलं, लुत्सिना, हिला त्या नळवाल्याने मारलं नाही आणि देवानेही नाही. अकरा वर्षांपूर्वी तू जिना चढली असतीस तर ही आज पेंढ्यावर असती.

ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या नव्या प्रमुख, डॉक्टर सार्ना, चौथ्यांदा तो प्रस्ताव घेऊन आल्या. रुद्स्कींनी फाइल काढली. ते चष्मा पुसत होते तेवढ्यात मी हात वर केला. "बोला लुत्सिनाबाई, चहाचं असेल तर जरा नंतर," ते म्हणाले. मी म्हटलं, "चहाचं नाही. गहू पेंढ्यातून आला नव्हता, माझ्या पिशवीतून आला होता." मग सगळं सांगितलं, गोठा, वडील, पापडी, खणातलं पाकीट. मला वाटलं होतं ओरडतील. ते शास्त्रज्ञ ना, त्यांनी आधी विचारलं, "तुकडा केवढा?" नखाएवढा, म्हटलं. "एकदाच?" एकदाच. "सगळ्यांना?" सगळ्यांना, एकीला दोन. त्यांनी जुन्या रिपोर्टातले आकडे काढले, बोट फिरवत बसले. "चौदा नंबर?" हो, म्हटलं, तीच. तिचाच आकडा सगळ्यात वर होता. मग ते म्हणाले, "म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती. आणि मी तिला शेत घ्या म्हणालो." फाइलमधल्या त्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली, सही केली, आणि अंगणांच्या बाजूने पहिला हात त्यांनी वर केला. मला मात्र जाताना एवढंच म्हणाले, "अकरा वर्षं, लुत्सिनाबाई?" मी हो म्हणाले.

निरोपसमारंभात मला भिंतीवरचं घड्याळ मिळणार आहे. "नमुनेदार सेवा" असं लिहिलेलं प्रशस्तिपत्रही छापून तयार होतं, ते आता देणार नाहीत. डॉक्टर सार्नांनी संकोचून सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, भिंतीवर खिळा एकच आहे. झेनोनला सांगायला गेले तेव्हा तो गवताच्या गंजीपाशी उभा होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अकरा वर्षं मला वाटतंय की असेलही एखादा दाणा, आणि मिशीला हात लावला की मनात पाल चुकचुकते. आणि तू दर रविवारी माझ्याकडे येऊन सूप ओरपून जात होतीस?" तीन आठवडे बोलला नाही. पिंजरे निघायच्या आदल्या दिवशी मात्र ओटाच्या पेंढ्याची पहिली गाडी त्यानेच आणली आणि पावतीवर आपलं नाव लिहिलं, तेही ठळक अक्षरात, जणू राजवाड्याला पेंढा देतोय.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. सोमवारी संस्थेतून तुला एक पत्र निघेल, शिक्का मारलेलं: नोंद रद्द केली आहे, तुमची चूक नव्हती, संस्थेला खेद आहे. कदाचित परत बोलावतीलही. मला वाटेत एक पळवाट दिसत होती बघ. ते पत्र जाऊ द्यायचं आणि आपण नाताळचं कार्ड सही करून टाकायचं. समितीला सांगितलं, भावाला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं तिलाच ऑफिसकडून कळू द्यायचं, इतकी मी भित्री आहे. म्हणून आज शनिवारीच हे टपालात टाकतेय, म्हणजे माझं आधी पोचेल. माफ कर असं लिहायला हात धजत नाही, म्हणून दूरच्या माणसांना पाठवतात तशी पाकिटात पापडी ठेवलीय, पांढरी, माणसांची. एक कोपरा मोडलेला दिसेल, तो मी मोडलाय. खाल्ला नाही, बशीत ठेवलाय. तू तुझा मोडलास तर कळव, मग खाईन. तुला मोडावीशी वाटली नाही, तर राग नाही. समुद्रावर नेऊन पक्ष्यांना घाल, त्यांच्यावर कुणाचा प्रयोग चालू नाही.

तुझीच, म्हणवून घेण्याचा हक्क आता तुझ्या हातात आहे,
लुत्सिना